बंद स्टेशनातले अकरा दिवस

जीपचं दार उघडलं आणि मी पदर नाकाला लावला. सांडपाण्याचा वास होता, मेंढ्यांच्या लेंड्यांचा होता, आणि त्या दोन्हींवर कुणीतरी गुलाबाचा रूम फ्रेशनर मारला होता. माझी सहा वर्षांची मुलगी म्हणाली, "मम्मी, इट्स स्टिंकिंग." मी तिला गप्प केलं, कारण माझ्या मिस्टरांच्या साहेबांची बायको पायरीवर आमच्या स्वागताला उभी होती.

कुवेतचं युद्ध सुरू व्हायला दोन दिवस होते. आम्ही अल-खोबरला राहायचो, चौथ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये. माझे मिस्टर तासाभरावरच्या एका कारखान्यात इन्स्ट्रुमेंट इंजिनिअर होते. शाळा बंद झाल्या होत्या. शेजारची कुटुंबं रियाधकडे निघाली होती. आमचे पासपोर्ट कंपनीच्या कपाटात होते आणि भारतात जाण्यासाठी लागणारा परवाना कुणालाच मिळत नव्हता. तेव्हा कारखान्याचे मॅनेजर, आम्ही त्यांना नुसतं साहेब म्हणायचो, त्यांचा फोन आला. मूळचे पुण्याचे, बोलणं अतिशय गोड. "वहिनी, काळजी करू नका. आपलं एक गेस्ट हाउस आहे वाळवंटात, हफूफच्या पुढे. तिथे कोण कशाला बॉम्ब टाकतंय? तुम्ही आणि छोटी तिथे आमच्याबरोबर राहा. तुमचे मिस्टर दर शुक्रवारी येऊन जातील."

मिस्टर कारखान्यातच राहणार होते. सगळे इंजिनिअर राहणार होते. साहेब मात्र 'तिथून मॅनेज करणार' होते. हे वाक्य तेव्हा मला खटकलं नाही. खटकायला हवं होतं.

गेस्ट हाउस म्हणजे एक जुनं रेल्वे स्टेशन होतं. नवी लाइन दुसरीकडून गेली आणि हे स्टेशन बंद पडलं. मग कंपनीने पाइप ठेवायला घेतलं, आणि दोन वर्षांपूर्वी साहेबांच्या डोक्यात आलं की याचं घर करायचं. स्टेशन मास्तरच्या ऑफिसचा हॉल झाला होता. त्यात लाल गालिचा, काचेचं टेबल आणि प्लॅस्टिकची ट्यूलिप. वेटिंग रूमची बेडरूम झाली होती, ती साहेबांची. तिकीट विकायच्या खोलीचं स्वयंपाकघर झालं होतं, आणि तिकिटाच्या खिडकीतून हॉलमध्ये ताटं सरकवता यायची. साहेबांना त्याचं फार कौतुक. "कल्पना कुणाची?" असं त्यांनी पहिल्याच तासात दोनदा विचारलं. प्लॅटफॉर्मच्या टोकाला गुलाबी फरशीचा संडास बांधला होता, कमोडसकट. वास तिथूनच येत होता. कमोड महागाचा होता, पण खालचा पाइप अरुंद, त्यामुळे तो दर दिवसाआड तुंबायचा.

मला आणि मुलीला पार्सलची खोली दिली. साहेबांची बायको दारातच थांबून म्हणाली, "आधी फिनेलने धुऊन घ्या हं नीट. तो राहायचा इथे."

तो म्हणजे तिथला राखणदार. पन्नाशीचा, किडकिडीत, दाढी मेंदीने रंगवलेली. खोलीत त्याची गादी, एक पत्र्याची पेटी, खुंटीला नमाजाची चटई आणि भिंतीत मारलेल्या खिळ्यांवर भांडी होती. लाकडाच्या धुराचा आणि मेंढीच्या चरबीचा वास भिंतींत मुरला होता. मी पदर कमरेला खोचला आणि त्याला हिंदीत म्हणाले, "ये सब बाहर निकालो. जल्दी." तो पेटी उचलायला वाकला. मी तेवढ्यात गादीचं एक टोक दोन बोटांच्या चिमटीत धरून ओढायला लागले.

"ती मी नेतो, वहिनी," तो मराठीत म्हणाला. "तुमी नका हात लावू."

मी गादी सोडली. विचारलं, "तुम्ही मराठी?"

"रत्नागिरीकडचा. खाडीच्या काठावर गाव हाय आमचा." एवढंच बोलून त्याने गादी खांद्यावर टाकली आणि प्लॅटफॉर्मच्या पलीकडे पंपाची पत्र्याची शेड होती तिथे नेली. नंतर कळलं की अकरा वर्षं तो त्या खोलीत राहत होता. मी त्याची खोली चार वेळा फिनेलने धुतली, आणि पाण्याच्या बादल्या तोच आणून देत होता. चौथी बादली ठेवताना त्याने विचारलं, "अजून आनू?" मी म्हटलं, "हो, एक आणा." आज ते आठवलं की माझं मलाच कसंतरी होतं.

मुलीला तो पहिल्याच दिवशी आवडला. रूळ वाळूखाली गाडले गेले होते. त्याने खराट्याने वाळू लोटून लोटून हातभर रूळ उघडा केला आणि तिला दाखवला. मग रोज सकाळी दोघांचा तोच खेळ. ती प्लॅटफॉर्मच्या कडेला पाय सोडून बसायची, तो वाळू लोटायचा. तो मराठीत सांगायचा, ती हिंदीत विचारायची, मध्येच इंग्रजीत. दुपारपर्यंत वारा सगळं पुन्हा भरून टाकायचा. ती आत आली की मी तिचे केस शिकेकाईने धुवायचे, कारण त्यांना त्याच्या चुलीचा वास यायचा. रोज धुवायचे. पोरीला सर्दी झाली, पण मी धुवायचे थांबले नाही.

तिसऱ्या दिवशी युद्ध सुरू झाल्याचं रेडिओवर ऐकलं. साहेबांना ते टीव्हीवर बघायचं होतं. त्यांनी बरोबर आणलेला लांबलचक अँटेना काढला आणि स्वतः शिडीने गच्चीवर चढले. वारा जोरात होता, खांब उभा राहीना. काहीतरी जड हवं होतं. गच्चीवर पाण्याची टाकी होती. तिचं लोखंडी झाकण त्यांनी सरकवून काढलं आणि खांबाच्या बुडाशी ठेवलं. मी खाली कपडे वाळत घालत होते. राखणदार शिडी धरून उभा होता. तो वर तोंड करून म्हणाला, "साहेब, टाकीचा झाकन!"

"हो रे, लावतो नंतर," साहेब वरून म्हणाले.

हे मी ऐकलं. माझ्या कानांनी ऐकलं, आणि चादर पिळायला लागले.

पहिल्या शुक्रवारी मिस्टर येऊ शकले नाहीत. रस्त्यावर लष्करी गाड्यांची रांग लागली होती. फोनवर त्यांचा आवाज थकलेला होता. "क्षेपणास्त्रं येतायत," ते म्हणाले. "तुम्ही तिथे आहात ते बरं."

आमच्यापासून सहा-सात किलोमीटरवर सैन्याचा एक तळ होता. तिथला भोंगा वाऱ्याच्या दिशेने ऐकू यायचा. विषारी वायूची भीती सगळ्यांनाच होती, म्हणून साहेबांनी स्वयंपाकघर म्हणजे जुनी तिकीट-खोली 'सीलबंद' केली होती. खिडक्यांना प्लॅस्टिक, फटींना चिकटपट्टी, दाराशी ओल्या टॉवेलची तयारी. कंपनीकडून मास्क आणले होते चार. साहेब, बायको, मी आणि मुलगी. मुलीला तो इतका मोठा व्हायचा की हनुवटीखाली मूठ जाईल एवढी जागा राहायची. राखणदाराचा मास्क कुठे, असं मी विचारलं नाही. कुणीच विचारलं नाही.

सहाव्या दिवशी, सूर्य मावळायला आला असताना भोंगा वाजला. साहेब आणि त्यांची बायको आधीच आत धावले. मी मुलीला हाका मारत हॉलभर फिरले. ती प्लॅटफॉर्मवर होती, त्याच्याबरोबर. तो तिला उचलून धावत आला. चप्पल वाटेतच गेली होती, धाप लागली होती. त्याने तिला दारातून माझ्या हातात दिलं आणि स्वतः आत यायला पाय उचलला.

साहेबांनी दारात हात आडवा धरला. मास्कमधून त्यांचा आवाज डब्यातून यावा तसा आला. "जागा नाही. तू शेडमध्ये जा."

खोलीत जागा होती. आणखी चार माणसं उभी राहिली असती.

"साहेब..." तो म्हणाला.

"याच्या कपड्यांना काय काय असेल," साहेबांची बायको मागून म्हणाली. "आणि एवढ्याशा खोलीत तो वास! बंद करा हो लवकर."

दार बंद झालं. साहेबांनी चिकटपट्टीचं रीळ माझ्या हातात दिलं. "वहिनी, खालची फट." मी गुडघ्यांवर बसले आणि खालच्या फटीला पट्टी लावायला घेतली. फटीतून त्याचे अनवाणी पाय क्षणभर दिसले, दोन काळसर अंगठे, मग ते वळले आणि भेगा पडलेल्या टाचा दिसल्या. मी पट्टी नखाने दाबून दाबून चिकटवली. मुलगी मास्कमध्ये रडत होती. "व्हेअर इज चाचा? चाचा को भी बुलाओ ना." मी तिला जवळ घेतलं आणि तिचं तोंड माझ्या अंगावर दाबलं, म्हणजे तिचा आवाज येऊ नये.

अर्ध्या तासाने धोका टळल्याचा भोंगा वाजला. साहेब म्हणाले, वायू जमिनीलगत राहतो, आणखी दोन तास थांबू. आम्ही थांबलो. त्या वेळात साहेबांच्या बायकोने बिस्किटांचा पुडा फोडला आणि खिडकीला लावलेलं प्लॅस्टिक नीट बसलं की नाही यावर दोघांचा वाद झाला. बाहेर आल्यावर मी सरळ आमच्या खोलीत गेले आणि झोपले. शेडकडे गेले नाही. सकाळी तो नेहमीसारखा चहा घेऊन आला. मी खाली बघत कप घेतला.

सातव्या दिवसापासून आम्ही आजारी पडलो. आधी मुलगी, मग मी, मग साहेब आणि त्यांची बायको. उलट्या, जुलाब, पोटात पिळवटून कळा. तो गुलाबी संडास पहिल्याच दिवशी तुंबला, घाण फरशीवर आली आणि फरशीवरून प्लॅटफॉर्मवर. चार माणसांची घाण. राखणदार तोंडाला फडकं बांधून सळई घालायचा, निघालं नाही की बादलीने उपसायचा, लांब नेऊन वाळूत खड्डा करून पुरायचा. साहेब हॉलच्या खिडकीतून नाकाला रुमाल लावून सूचना द्यायचे, "तिकडे नको, वारा इकडचा आहे." जे आपलं आहे त्याचीच इतकी किळस, आणि ती उचलणाऱ्याचीही. तो जवळून गेला की साहेबांची बायको खुर्ची मागे सरकवायची.

मग साहेबांनी निदान केलं. हॉलमध्ये कोचावर आडवे पडून ते म्हणाले, "याच्या हातचा चहा. दुसरं काय? हात धुतो तरी का हा?"

त्याला स्वयंपाकघरात यायची बंदी झाली. मी बोलू शकले असते. तो सहा दिवस आमच्यासाठी चहा करत होता तेव्हा आम्हाला काही झालं नव्हतं, एवढं साधं गणित होतं. पण मला उलट्या होत होत्या, आणि खरं सांगायचं तर मलाही तेच वाटलं होतं. मुलीला मी सांगितलं, "चाचाच्या हातचं काही खायचं नाही." ती म्हणाली, "बट ही मेक्स गुड भाकरी." मी तिला एक चापट मारली.

आणि आम्ही पाणी पीत राहिलो. जुलाबात भरपूर पाणी प्यायचं असतं ना, म्हणून मी मुलीला साखर-मीठ घालून पेल्यावर पेले पाजत होते.

दहाव्या दिवशी सकाळी तिच्या पेल्यात एक करडं पीस होतं. बारीकसं, गळ्याजवळचं असतं तसं. मी पेला नाकाशी नेला. साखरेच्या आडून जो वास आला तो मला अजून सांगता येत नाही. मी तशीच पेला घेऊन प्लॅटफॉर्म ओलांडून शेडकडे गेले. दहा दिवसांत पहिल्यांदा. तो उकिडवा बसून भाकरी थापत होता. मी पेला पुढे केला. त्याने वास घेतला, पीस बोटाने काढलं, आणि गच्चीकडे बघितलं.

"झाकन," तो म्हणाला.

तो शिडी लावून वर गेला. मी खाली शिडी धरली. बराच वेळ वर नुसता पाणी ढवळल्याचा आवाज येत होता. मग तो एक प्लॅस्टिकची पिशवी दातांत धरून खाली उतरला. पिशवीत दोन पारवे होते. पारवे म्हणण्यासारखं त्यांच्यात फारसं उरलं नव्हतं. एकाची कातडी सुटून पिशवीला चिकटली होती, डोळ्यांच्या जागी पांढरं काहीतरी होतं. पिशवीच्या तळाशी ते पाणी साचलं होतं, पिवळट आणि तेलकट. तेच पाणी आम्ही पीत होतो, त्याच्यात डाळ शिजवत होतो, आणि मी माझ्या आजारी मुलीला ते चमच्याचमच्याने पाजलं होतं. मी तिथेच शिडीला धरून ओकले.

आवाज ऐकून साहेब बाहेर आले, लुंगीवर, दाढी वाढलेली. पिशवीत बघितलं आणि दोन पावलं मागे सरले. मग राखणदाराकडे वळून म्हणाले, "टाकी बघायचं काम कुणाचं? तू का सांगितलं नाहीस?"

"सांगितला होता, साहेब. तुमी वर होतात तेव्हाच."

"खोटं बोलतोस?"

माझ्या तोंडात अजून आंबट चव होती. मी तोंड पुसलं आणि म्हणाले, "सांगितलं होतं त्यांनी. मी ऐकलं. तुम्ही म्हणालात, लावतो नंतर."

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. मग मऊ आवाजात म्हणाले, "वहिनी, तुम्ही आजारी आहात. आत जाऊन पडा बरं." आणि हॉलमध्ये निघून गेले. टाकी त्या दिवशी राखणदाराने एकट्याने रिकामी केली, घासली, झाकण लावलं. अँटेना वाऱ्याने पडला तो पडलाच.

त्याला स्वतःला काही झालं नव्हतं, कारण शेडमध्ये त्याचं पाण्याचं वेगळं पिंप होतं. संध्याकाळी त्यातलंच पाणी त्याने उकळून आमच्यासाठी आणलं आणि दाराबाहेर ठेवलं. आत आला नाही. मी बाहेर गेले. काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं. म्हटलं, "त्या दिवशी दार लावलं ते... मला माफ करा. तुम्हाला वाईट वाटलं असेल."

तो लगेच 'नाही नाही' म्हणेल असं मला वाटलं होतं. आपल्याकडची साधी माणसं म्हणतात तसं.

"वाटला," तो म्हणाला. "कसा नाय वाटनार? तोंडाला ओला फडका बांधून बसलो व्हतो शेडात. कलमा म्हनत व्हतो. दार लावलात त्याचा काय नाय, वहिनी. भीतीनं मानूस लावतो. माजी बायको असती तर तिनं पन लावला असता. पन भोंगा बंद झाल्यावर तिनं उघडला असता. येऊन बघितला असता, मेला का जगला."

त्याने रिकामी बादली उचलली आणि तो गेला.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार. मिस्टर आले. मुलीचं वाळलेलं तोंड बघून ते दारातच थबकले. मी बॅग भरून ठेवली होती. म्हटलं, "आम्ही खोबरला येतोय." ते म्हणाले, "वेडी झालीस का? तिथे रोज सायरन आहे." मी म्हटलं, "असू दे. तिथे आपल्या घरात मरू." त्यांना बाजूला नेऊन सगळं सांगितलं, चिकटपट्टीचंही. ते बराच वेळ बुटाने वाळू उकरत राहिले. मग म्हणाले, "साहेबांशी वाकडं घेऊन चालणार नाही. इथे राहायचा इकामा त्यांच्याच सहीने होतो." पण त्यांनी बॅग उचलली.

साहेबांच्या बायकोने गाडीच्या खिडकीशी येऊन डोळ्यांत पाणी आणलं. "तुम्हाला आमची सोबत आवडली नाही वाटतं." राखणदार दिसला नाही. मुलगी त्याच्यासाठी मागच्या काचेला नाक लावून बसली होती.

खोबरला आम्ही बाथरूमच्या दाराला पट्ट्या लावून दिवस काढले. पुढे कुवेतकडच्या तेलाच्या विहिरी पेटल्या आणि बाल्कनीतल्या कपड्यांवर काजळी बसायला लागली. मग एकदाचं सगळं थांबलं. महिन्याभराने कंपनीने मोठी पार्टी ठेवली. स्टेजवर साहेबांना एक चकचकीत ढाल देण्यात आली, कठीण काळात कुटुंबांना सुरक्षित ठेवल्याबद्दल. मग जेवताना त्यांनी गोष्ट सांगितली. पारव्यांची. "आणि काय, टाकीत कबुतरं! आमचा तो राखणदार, झाकणच लावायला विसरला!" टेबलभर हसू पसरलं. एकीने 'शी!' म्हणत तोंडावर हात ठेवला. साहेब चिकनचा तुकडा तोडत होते, बोटांना तेल लागलं होतं, आणि त्या बोटांकडे बघून मला पुन्हा ती पिशवी आठवली.

मी म्हणाले, "झाकण तुम्ही काढलं होतंत. अँटेनासाठी." आवाज अपेक्षेपेक्षा मोठा आला. शेजारच्या टेबलावरचे लोक वळले. "आणि भोंगा वाजला तेव्हा त्या माणसाला बाहेर ठेवून तुम्ही दार लावलंत. फट मी बंद केली."

साहेबांची बायको हसली. "अगं, किती मनाला लावून घेतेस! सगळेच घाबरलो होतो." आणि तिने मला गुलाबजाम वाढला. पुढच्या मिनिटाला कुणीतरी पेट्रोलच्या भावाबद्दल बोलायला लागलं. एवढंच झालं. मिस्टरांना कुणी त्रास दिला नाही, इकाम्यावर सही वेळेवर झाली, दिवाळीला साहेबांकडून मिठाईही आली. मी ती कचऱ्यात टाकली.

मिस्टरांनी ऑफिसमध्ये राखणदाराची चौकशी केली. साहेबांनी त्याला पार्टीच्या आधीच परत पाठवलं होतं. पासपोर्टवर एक्झिटचा शिक्का, खलास. कारण म्हणून 'अस्वच्छता' लिहिलं होतं. त्याच्या गावाचा पत्ता फाइलमध्ये नव्हता. रत्नागिरीकडची खाडी, एवढंच मला माहीत होतं, आणि त्याचं नाव मी अकरा दिवसांत एकदाही विचारलं नव्हतं.